अकराव्या जोडीतलं एक अक्षर

“मॅडम, तुमी फक्त एवढं लिवून द्या. पोरीचा आजार हिच्या माहेरचा हाय.”

मंदाबाई मांडीवर रेक्झिनची बॅग घेऊन माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. ‘हिच्या’ म्हणजे त्यांची सून रूपाली. ती मागच्या खुर्चीवर, चार वर्षांच्या स्वराला कुशीत घेऊन. मंदाबाईंचा मुलगा संदीप दाराला टेकून उभा होता. टोमॅटोची पिकअप त्याने गेटसमोरच लावली होती, त्यामुळे निम्मं लक्ष बाहेर.

मी जेनेटिक काउन्सेलर आहे. पुण्यातल्या एका लॅबमध्ये काम करते आणि महिन्यातून एकदा नारायणगावच्या एका हॉस्पिटलमध्ये बसते. आनुवंशिक आजारांचे रिपोर्ट घरच्यांना समजावून सांगायचे, हे माझं काम. ज्या मुलीला शाळेत स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटायचा, तिने असं बोलायचं काम का निवडलं, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही.

“लिहून कशासाठी हवंय?” मी विचारलं.

“हिच्या बापाला दावायला. ही ऱ्हाईल तिकडं. आमी दुसरी बगू.”

रूपालीने मान वर केली नाही. स्वराच्या फ्रॉकचं बटण लावलेलंच होतं, ते तिने काढून पुन्हा लावलं.

स्वराला थॅलेसेमिया मेजर होता. या आजारात शरीराला धड रक्त बनवता येत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागतं.

बालरोगतज्ज्ञ सरांनी पडद्यातून डोकं आत घातलं. “झालं का? बाहेर लाइन आहे.”

“सर, पाच मिनिटं.”

“तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत,” म्हणून ते गेले.

रिपोर्ट माझ्या हातात होते. रूपाली कॅरिअर होती, म्हणजे तिच्यात दोष होता, पण आजार नव्हता. संदीपही कॅरिअर होता. पण एकाचा रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही, असा आमचा नियम आहे. रूपालीची परवानगी घेतलेली होती. मी संदीपकडे पाहिलं.

“सांगा मॅडम,” तो म्हणाला. “आईपासून काय लपवायचं?”

“स्वराला हे दोघांकडून आलंय,” मी म्हणाले. “आईकडून अर्धं, वडिलांकडून अर्धं.”

“ह्याच्यात?” मंदाबाई उसळल्या. “अवो, भरलेलं क्रेट एका हातानं गाडीत टाकतोय त्यो!”

“टाकणारच. कॅरिअर माणूस ठणठणीत असतो.”

“मंग ह्ये जुनं कागद बगा की!” त्यांनी फाइल काढायला बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडली. “रांडची, रोज हितंच अडती.”

मला समजावायला काहीतरी हवंच होतं. “डीएनए म्हणजे अशीच एक लांबलचक चेन असते,” मी म्हणाले. “पीळ घातलेली. दोन्ही बाजूंना दात. दात चारच प्रकारचे. ए, टी, जी आणि सी. एसमोर टीच बसतो, जीसमोर सीच. नवी पेशी तयार करायची असली की चेन उघडते आणि प्रत्येक बाजू आपल्यासमोर नवी बाजू जुळवून घेते. एका चेनच्या दोन होतात, हुबेहूब.”

“आन् एखादा दात बिघाडलेला असला, तर?”

“तोही हुबेहूब.”

बाईंना हे पटलेलं दिसलं. मग मी पुढचं सांगितलं. हे दात म्हणजेच अक्षरं. माणसाच्या एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. शास्त्रज्ञांनी ती वाचून त्यांचा नकाशा केला, म्हणून कुठे शोधायचं ते आम्हाला कळतं. आपल्या पेशीत अशा चेनच्या तेवीस जोड्या असतात, स्वराचा दोष अकराव्या जोडीवर होता. तिथे जीच्या जागी सी आला होता. एकच अक्षर. जोडीतली एक चेन आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. स्वराच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या.

“आमच्या घरात असलं कुणाला न्हाई,” मंदाबाई म्हणाल्या आणि कडवट हसल्या.

समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं मला जमत नाही. मी दातांकडे बघते. मंदाबाईंच्या वरच्या दोन दातांमध्ये फट होती. तशीच फट मी मघाशी पाहिली होती, स्वराने नाक ओढल्यावर रूपाली हसली तेव्हा. फटीवरून काही सिद्ध होत नाही. पण मी रिपोर्ट पुन्हा उघडले. नवरा-बायको दोघांत अक्षर तेच, जागा तीच. हा बदल आपल्याकडे बराच आढळतो, म्हणून मला आधी त्यात नवल वाटलं नव्हतं.

“मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, लग्न नात्यातलं नाही.”

“न्हाईच. भावकीत कोन लगीन करतंय? एका कुळातली समदी भाऊ-भनी. ही महाळुंगे पडवळची, आमी डिंगोऱ्याचं. तालुका बी निराळा.”

“पण लग्नाआधी रूपाली तुमची कोण होती?”

“कोन म्हंजे? माज्या थोरल्या भावाची पोरगी. हक्कानं मागून आनली. भाची सून करायची, त्याला कुनी नात्यात म्हनतंय व्हय?”

मी कागद ओढला. वर एक चौकोन, एक वर्तुळ, म्हणजे महाळुंग्याचे आजोबा-आजी. त्यांच्याखाली दोन मुलं, रूपालीचे वडील आणि मंदाबाई. त्यांच्याखाली रूपाली आणि संदीप. शेवटी स्वरा.

संदीप दारातून पुढे आला आणि वाकून बघू लागला. “आई, हिचं माहेर म्हंजी तुजंच की गं.”

“गप ऱ्हा.” मंदाबाईंनी बाही वर सारली. “माजं बी रगत काढा. काय निगायचं न्हाई.”

“संदीपच्या वडिलांकडूनही आलेलं असू शकतं,” मी म्हणाले.

“आदी माजं काढा.”

पुढच्या महिन्यात माय-लेकच आले. रूपाली आणि स्वरा महाळुंग्याला होत्या. मागच्या वेळी इथून जातानाच तिथे सोडलं, एवढंच संदीप म्हणाला. मी त्याला बाहेर थांबवलं. वाक्यं पाठ करून आले होते, ती ऐनवेळी आठवली नाहीत.

“तुमच्यातही आहे,” मी म्हणाले. “तेच अक्षर.”

त्या बॅगेच्या चेनशी चाळा करू लागल्या.

“आईकडनं का बापाकडनं?”

“ते आता कळणार नाही.”

“दोगं बी गेली.” मग म्हणाल्या, “मंग बोल लावायचा कुनाला?”

“कुणालाच नाही. कधीतरी नक्कल करताना झालेली चूक आहे. कितीतरी पिढ्यांपूर्वीची.”

“मी लावला की. पोर आजारी पडल्यापास्नं. रोज.”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. त्या उठल्या.

“संदीप, गाडी काढ.”

“घरी?”

“महाळुंग्याला. वाटंत पोरीला कायतरी खायाला घे.” दारात त्या थांबल्या. “दादा म्हनंल, आता आली व्हय माहेराला. म्हनू दे. मॅडम, त्ये लिवून द्यायचं ऱ्हाऊ द्या.”

आता स्वराला घेऊन रूपाली डिंगोऱ्याहूनच येते. सोबत बहुतेक वेळा मंदाबाई असतात. आजार तसाच आहे, रक्तही तसंच चढवावं लागतं. दुसरं मूल होऊ द्यायचं ठरलं, तर पहिल्या तीन महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते, हे मी रूपालीला सांगितलंय. मंदाबाईंनी धाकट्या मुलासाठी रूपालीची बहीण मागितली होती. सुपारी फुटण्याआधी दोघांना माझ्यासमोर आणून बसवलं. “ह्यांची बी चेन बगा.” मुलात दोष निघाला नाही, म्हणजे त्यांच्या मुलांना हा आजार होणार नव्हता. लग्न झालं.

मीही एक बदल केला. ‘नात्यात लग्न झालंय का?’ असं आता विचारत नाही. ‘तुमची सासू लग्नाआधी तुमची कोण लागत होती?’ असं विचारते. लगेच खरं उत्तर येतं. सर म्हणतात, पाच मिनिटं वाचतात.