चेष्टा

बुधवारी जेवण झाल्यावर मी वच्छलाच्या पायाची नखं कापली. माझ्या बायकोसोबत केलेलं शेवटचं साधंसुधं काम ते. थंडीचं ऊन पायरीवर आलं होतं. तिचे हात थरथरत, म्हणून तिला नेलकटर धरता येत नव्हता. माझी नजर अधू, म्हणून मला नख नीट दिसत नव्हतं. "पाहा बरं," ती म्हणाली, "फॅक्टरीत लोखंड कापत होते तुमी. हे बोट आहे माझं." मी म्हटलं, गप बस. ती कसली गप बसते! मान ताठ केली, आवाज बारीक केला आणि दवाखान्याच्या वार्डातल्या सिस्टरची नक्कल सुरू केली. "अम्मा, मुँह खोलो. जीभ ऊपर. गोली निगली कि नहीं?" मला हसू आलं. दहाही बोटं झाली. तिनं पदरानं पायरी झाडली आणि आत गेली.

गुरुवारी सकाळी मी दळण आणायला गेलो. परत आलो तर ती नव्हती. तिनं जीव दिला. कसा, ते मी लिहिणार नाही. ते वाचून कोणाचं भलं होत नाही.

साकोलीकडच्या माझ्या भावांनो, आणि माझ्यासारखंच नोकरीपायी जबलपूरला येऊन इथंच म्हातारे झालेल्या आपल्या माणसांनो, तुमच्यापर्यंत निरोप गेला की वच्छलाचं हार्ट फेल झालं. तो निरोप माझ्या लेकीनं, ज्योतीनं, दिला. आईची बदनामी नको म्हणून दिला. पण मला खोटं निभावत नाही. मी चौथी शिकलेला माणूस आहे, मोडकंतोडकं लिहीन, पण जे झालं तेच लिहीन.

मी वच्छलाला घेऊन निघालो तेव्हा गोंदियाहून छोटी लाईन होती. गाडी इतकी हळू चालायची की उतरून लघवी करून परत चढावं. माझा बाप फलाटावर एकच गोष्ट सांगत होता, "सायबापुढं तोंड चालवू नको." माय माझ्याशी बोललीच नाही. ती वच्छलाला म्हणाली, "पोरी, तिकडं सारे हिंदी बोलतेत. घरात तरी आपलं बोलजो." वच्छला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिनं सासूचं ते ऐकलं आणि शेवटपर्यंत पाळलं. जबलपुरातल्या आमच्या रांझीच्या बाजारात फर्राटेदार हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. ज्योती मोठी झाली, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायला लागली, तरी वच्छला मराठीतच विचारत राहिली.

आणि चेष्टा! भाजीवाल्याची, फोरमनच्या बायकोची, माझ्या चालण्याची. हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायकांची तर खास. कॉलनीतल्या बाया म्हणत, वच्छलाबाई आली की पोट दुखतं हसून. मला वाटायचं, बाईचा स्वभाव आहे.

स्वभाव होता आणि बिमारीही होती. ज्योतीचं लग्न होऊन ती भोपाळला गेली, तेव्हापासून बिमारी दिसायला लागली. एखादा महिना असा यायचा की ही झोपतच नाही, भराभरा बोलते, चांगल्या चांगल्या साड्या मोलकरणींना वाटून टाकते, पहाटे चारला अख्खं घर धुते. मग एखादा महिना भिंतीकडं तोंड. वेणी नाही, अंघोळ नाही. मी म्हणायचो, "काय झालं तुले?" ती म्हणायची, "काही नाही झालं. तेच तर." त्याचा अर्थ मला अजून लागून राहिला नाही.

कोण्या बाईनं झोप येते म्हणून मोहाची दारू चमचाभर पाजली. चमच्याचा कप झाला, कपाचा गिलास. मला पहिल्यांदा वास आला तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली. हेही लिहितो, कारण जे झालं तेच लिहीन म्हटलं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की दारूच सारं करून राहिली. दारू गेली की बाई जागेवर येईल. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी बाटल्या मोरीत ओतल्या, दाराला कुलूप लावलं आणि उंबऱ्यात बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. दातखीळ बसली. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून ती किंचाळली.

दवाखान्यात आम्हाला सिस्टर एक्का भेटली. छत्तीसगडची बाई, काळीसावळी, चालताना चपलेचा आवाज न करणारी. तिनं मला पहिल्याच दिवशी झापलं. "एकदम बंद कर दी? अंकल, शराब ऐसे नहीं छुड़ाते. इसमें जान चली जाती है." मग तिनं मला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. दोन बिमाऱ्या आहेत, दोन्ही एकाच वेळी. मनाची वेगळी, दारूची वेगळी. एकीलाच धरलं तर दुसरी तिला परत ओढून आणते. म्हणून दोघींना संगंच सांभाळायचं. इतकं सरळ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

बायांच्या वार्डात पुरुषाला राहू देत नव्हते. चार ते सहा भेटायची वेळ. बाकी वेळ मी बाहेर लिंबाखाली. बिमारी वाढली की वच्छला हिंदी साफ विसरायची. नुसती मराठी. नर्सा म्हणत, अम्मा क्या बोल रही हैं, कुछ समझ में नहीं आता. सिस्टर एक्का चार वाजता दारातच मला अडवायची. "अंकल, 'भीती' माने? 'कसंतरी होते' माने? 'नको' तो मैं समझ गई, वो दिन में सौ बार बोलती हैं." मी सांगायचो, ती घोकायची. एकदा म्हणाली, "हमारे घर की बोली भी यहाँ कोई नहीं समझता, अंकल. मुझे मालूम है कैसा लगता है." ती घरी कुडुख बोलायची. तीही आपल्यासारखीच गाव सोडून आलेली.

हळूहळू वच्छला उठून बसायला लागली. सिस्टर रोज तिचे दोन्ही हात पुढं करायला लावून थरथर पाहायची, आज वार कोणता ते विचारायची, गोळी दिल्यावर तोंड उघडून पाहायची, वेणी तिच्या हातानंच घालायला लावायची आणि तोवर शेजारी बसून राहायची. वच्छला सुधारली ते मला कशावरून कळलं? ती सिस्टरची नक्कल करायला लागली. मधे एकदा मी गेलो तर तिच्या हातात काचेच्या बांगड्या नव्हत्या आणि खाट थेट नर्सांच्या टेबलासमोर आणली होती. मी मनात म्हटलं, शाळेत मास्तर खोडकर पोराला पुढच्या बाकावर बसवतो, तसं केलेलं दिसते. मला बरंच वाटलं, खोड्या करण्याइतकी बाई जागेवर आली म्हणून. कोणाला काही विचारलं नाही.

वच्छलाला दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा सिस्टर एक्का नाताळाला आपल्या गावी गेली होती. दुसरी सिस्टर होती, नवी, घाईतली. तिनं गोळ्या समजावल्या. मग एक कागद दिला आणि म्हणाली, "बाकी सब इसमें लिख दिया है. पढ़ लेते हैं न, अंकल?" मी म्हटलं, "हौ, पढ़ लेते हैं." चौथी शिकलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबतो. मी तिच्यासमोरच चष्मा चढवून कागद पाहिला, मान हलवली.

घरी येऊन मोठ्यानं वाचला, कारण वच्छलाला वाचता येत नव्हतं. दवाई समय पर. शराब बिलकुल नहीं. आणि खाली हातानं लिहिलेलं: 'वार्ड में दो बार चेष्टा की. परिजन सावधान रहें.'

मला राग आला. "वच्छले, सिस्टर लोकायची चेष्टा केली तू? दोनदा? आता कागदावर चढलं. वरून मलेच सांगतेत, सांभाळून राहा हिच्यापासून."

ती कागदाकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं. मग हसली. म्हणाली, "हौ. केली."

"काहून केली?"

"आली लहर." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता नाही करत, जा."

मी म्हटलं, हां, नको करू. विषय संपला. कागद भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोमागं खोचून दिला. पंधरा दिवस नीट गेले. मोजून गोळ्या, दारूचा थेंब नाही, वेणी, नखं. मी शेजाऱ्यांना सांगत होतो, आमची म्हातारी चेष्टा करायला लागली, म्हणजे बरी झाली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला हवालदार आला. भला माणूस होता, त्यानं चपला बाहेर काढल्या. दवाखान्याचे कागद मागितले, मी फोटोमागचा कागद काढून दिला. त्यानं वाचला आणि वर पाहिलं. "बाबूजी, ये तो साफ लिखा है. दो बार चेष्टा की. आपको मालूम था?"

मी म्हटलं, "चेष्टा तो वो सबकी करती थी, साहब. हमारी भी."

तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग त्याला समजलं असावं. बाजूला खुर्चीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मज़ाक नहीं, बाबूजी. चेष्टा माने कोशिश. मरने की कोशिश."

चाळीसच्या वर वर्षं मी हिंदी बोललो. कारखान्यात, बाजारात, ओमती भागातल्या दुकानांत. कोशिश म्हणालो, ट्राय म्हणालो. हिंदीतला हा चेष्टा माझ्या कानावर कधी पडला नाही. तो कागदावरचा शब्द आहे, तोंडातला नाही. आणि अक्षरं तर तीच. म्हणून तर मला शंका आली नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर मी कोणाला तरी विचारलं असतं.

ती मात्र समजली होती. वार्डात काय केलं होतं, ते तिला माहीत होतं. मी कागद वाचला, तेव्हा तिला कळलं की मला काहीच माहीत नाही. आणि तिनं मला सांगितलं नाही. मी इतका मोठा आवाज करून विचारत होतो, 'काहून केली', आणि ती खरं उत्तर देत होती. 'आली लहर.' ते मी ऐकलं नाही. हे मी कोणाला समजावून सांगू? ज्योतीला हिंदीत सांगितलं, ती रडली. पण ते हिंदीत सांगताच येत नाही.

ज्योती चारला पोचली. सूर्य मावळायच्या आत नदीवर ग्वारीघाटला सारं झालं. आपली चार-पाच माणसं होती, बुद्धवंदना म्हणायला.

माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, आता घरी ये. तुमचं प्रेम आहे, मी जाणतो. पण गावात मी 'जबलपूरवाले' आणि इथं 'मराठी बाबू'. मी ज्याला घर म्हणत होतो ते रांझीतलं हे दोन खोल्यांचं बांधकाम नाही आणि साकोलीकडची माती पण नाही. ते त्या बाईच्या तोंडात होतं. मी म्हटलं 'कसंतरी होते', तर तिला विचारावं लागत नव्हतं. आता मला कसंतरी होते, आणि कोणाला सांगायचं झालं तर आधी शब्द बदलावे लागतात. घर म्हणजे एवढंच उरलं आहे. मी इथंच राहीन. माझं माणूस या नदीत आहे.

शुक्रवारी सकाळी मी अंघोळ केली, कागद खिशात घातला. ज्योती म्हणाली, "बाबा, आज तो कहीं मत जाओ." मी टेंपो धरून दवाखान्यात गेलो. सिस्टर एक्का सुट्टीवरून आली होती. मला पाहून हसली आणि म्हणाली, "अम्मा कैसी हैं?" मी सांगितलं. मग कागद तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि मी तो कसा वाचला होता, तेही सांगितलं.

तिनं तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "अंकल, ये मैंने नहीं लिखा. पर मैं होती तो मैं भी यही लिखती. हम सब यही लिखते हैं. 'मरना' लिखने में अच्छा नहीं लगता, घरवालों को बुरा लगेगा करके."

"बुरा लगने दो," मी म्हटलं. "मरना लिखो. मुँह से भी बोलो, सामने बिठाके. आणि मराठी माणूस आला तर मराठीत सांगा. फॅक्टरीवाले आहेत, रेल्वेवाले आहेत, गाव भरून आहेत आपले लोक."

ती म्हणाली, "तो बताइए, कैसे बोलूँ?"

मी भांडायला गेलो होतो. असं कोणी विचारेल, ते मनात नव्हतं. मला स्वतःला ते शब्द अजून तोंडातून काढता आले नव्हते. ज्योतीसमोर नाही, हवालदारासमोर नाही. मी टेबलाची कड धरली आणि म्हणालो, "तिनं जीव द्यायला पाहिलं."

"तिन जिव... दयाला पायल."

"जीव. द्यायला."

पाठीमागं घंटी वाजली, तिला कोणी तरी बोलावलं. ती गेली, दोन मिनिटांत परत आली आणि उभ्यानंच म्हणाली. पुन्हा चुकली. मी म्हटलं, पुन्हा म्हणा. ती बरोबर म्हणेपर्यंत मी तिथून हललो नाही.