थँक्यू म्हटलं आणि माशांना महाग झालो

इंग्रजी शिकल्यामुळे आमच्या घरातले मासे बंद झाले.

हसू नका. आमच्यासारख्या मालवणी घरात मासे बंद होणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. आणि यात माझा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. सगळा दोष आमच्या नव्या लिफ्टचा!

चिंचपोकळीची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही एकदम चौदाव्या मजल्यावर जाऊन बसलो. आमच्या वर राहणारी एक मुलगी रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटायची आणि गोड हसून विचारायची, "हाऊ आर यू, आंटी?" आता कुणी एवढ्या आपुलकीने तब्येत विचारली तर सांगायला नको? एक दिवस मी उजव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. डाव्या गुडघ्यापर्यंत पोचते न पोचते तोच तळमजला आला आणि ही बया "हॅव अ नाइस डे" म्हणून चालायला लागली! मी दारात पाय घालून पुढचं सांगत राहिले. लिफ्ट केकाटायला लागली. वॉचमन धावत आला.

"आई, 'हाऊ आर यू'ला फक्त 'फाइन' म्हणायचं असतं!" घरी आल्यावर माझी मुलगी तन्वी म्हणाली.

"मग विचारते कशाला?"

"पद्धत असते ती."

"ऐकून घ्यायचं नसेल तर विचारू नये, ही आपली पद्धत!"

यावर तिने कपाळाला हात लावला आणि सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी 'रोजचं इंग्रजी' नावाचा क्लास चालायचा, त्यात माझं नाव घालून टाकलं. (मला न विचारता! आईबापांना विचारायचं असतं, ही पद्धत मात्र तिला कुणी शिकवली नाही.)

क्लासच्या मॅडम तन्वीच्याच वयाच्या. गुड मॉर्निंग, एक्स्क्यूज मी, प्लीज, असं सगळं पार पडल्यावर त्यांनी आम्हाला गृहपाठ दिला. "आपली माणसं आपल्यासाठी किती करतात! पण आपण कधी थँक्यू म्हणतो का? या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला म्हणायचं. नुसतं थँक्यू नाही, पूर्ण वाक्य. डोळ्यांत बघून. आणि हसून!"

मी आज्ञाधारक बाई. त्याच रात्री जेवताना आमच्या ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, हसले आणि म्हटलं, "थँक्यू सो मच. इट्स व्हेरी काइंड ऑफ यू."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं? डॉक्टर काही बोलले का?"

"कुठले डॉक्टर?"

"मग अशी का बघतेस?"

लग्नाला तीस वर्षं झाली आणि बायको गोड बोलली की ह्यांना आजारपण आठवतं! तरीही मी गृहपाठ सोडला नाही. तेच चुकलं.

रविवारी सकाळी भावजी आले. भावजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. गोदीतून रिटायर झालेले, लालबागच्या जुन्या चाळीत राहतात. दर रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचं, दोन घरांचे मासे घ्यायचे आणि आमची पिशवी दारात आणून द्यायची, हा त्यांचा शिरस्ता माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. मी पिशवीत डोकावून करवादायचं, "एवढे कशाला आणलेत? साफ कोण करणार?" आणि त्यांनी "तूच!" म्हणून चहाला बसायचं. यात कधी खंड पडला नव्हता.

त्या रविवारी मी पिशवी घेतली. डोळ्यांत बघितलं. हसले.

"थँक्यू सो मच, भावजी. इट्स व्हेरी काइंड ऑफ यू."

भावजींचा चेहरा असा पडला, की मला वाटलं पिशवीतल्या बांगड्यांचा रंग त्यांना लागला. एक पाय चपलेतून काढला होता, तो त्यांनी परत चपलेत घातला.

"चहा?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले आणि गेले.

पुढच्या रविवारी भावजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी जाऊबाईंना फोन लावला, तर त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "तूच आभार मानून मोकळी झालीस ना? आता कशाला येतील?" आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत गावाहून तीन फोन आले. मोठ्या दिरांना सुनंदाने दारातून वाटेला लावलं म्हणे! मी! जिने दिरांच्या बांगड्याच्या कालवणात कधी तिरफळ कमी पडू दिलं नाही, ती मी!

घरात वेगळाच तमाशा. तन्वीने मोबाइलवरून मासे मागवले. ते आले प्लास्टिकच्या डब्यात, चौकोनी तुकडे करून.

"डोकं कुठाय?" हे ओरडले. "डोळे बघितल्याशिवाय ताजा की शिळा कसं कळणार?"

"बाबा, डब्यावर लिहिलंय फ्रेश म्हणून."

"मासा लिहून ताजा होत नाही!"

मग माझ्याकडे वळून, "झालं समाधान? शीक अजून इंग्रजी!" रविवारच्या दुपारी आम्ही तिघं दुधीची भाजी पुढ्यात घेऊन एकमेकांकडे रागाने बघत बसलो. हे तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मला खरं सलत होतं ते निराळंच. दारात चपलेत पाय परत घालणारे भावजी डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"आई, सिंपल आहे. सॉरी म्हण," तन्वीने सुचवलं. मीही मूर्ख! तिच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं आणि बेसनाचे लाडू घेऊन लालबाग गाठलं. भावजी गॅलरीत पेपर वाचत होते. मी डोळ्यांत बघून म्हटलं, "आय अॅम रिअली सॉरी, भावजी. आय डिडन्ट मीन टू हर्ट यू."

भावजींनी पेपर खाली ठेवला.

"सॉरी? रस्त्यात धक्को लागलो तर बोलतत ता? अगो, मी तुका परको झालंय काय? रिटायर झालंय तेव्हा सायब असोच हसान 'थँक्यू सो मच' बोललो, आणि दुसऱ्या दिवशी माझो गेटपास काढून घेतल्यान!"

 मला असा संताप आला की पाठ केलेलं सगळं इंग्रजी वाहून गेलं.

"गेटपास? कोण काढतंय तुमचा गेटपास? एवढं वाईट वाटलं तर तोंडावर भांडायला काय झालं होतं? चार शिव्या घालायच्या! पण नाही, गावभर बोभाटा केलात! तिकडे तुमचा भाऊ दुधी खाऊन माझ्यावर गुरगुरतोय, आणि तुम्ही इथे रुसून बसलाय! येत्या रविवारी पिशवी घेऊन आला नाहीत ना, तर मी येऊन तुमच्या दारात बसेन! लाज वाटत नाही या वयात असं वागायला?"

अख्खी चाळ गॅलरीत आली. आणि भावजी? भावजींचा चेहरा फुलला!

"हां!" ते आत बघून ओरडले, "अगो, चाय टाक! सुनंदा इली हा!"

रविवारी ते आले. मी पिशवीत डोकावले. एवढी ताजी सुरमई मी वर्षात बघितली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते दाबून मी खेकसले, "ही एवढी मोठी कोण कापणार?"

"तूच!" भावजी म्हणाले आणि ऐटीत बसले.

मी घाम गाळून सुरमईचं झणझणीत तिखलं केलं, तुकड्या तळल्या, सोलकढी केली. भावजी आडवा हात मारून जेवले. निघताना त्यांनी चपला घातल्या, मागे वळले आणि डोळे मिचकावून म्हणाले, "थँक्यू हां, सुनंदा!"

हे हसले. तन्वी हसली. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. सकाळपासून गॅसपाशी मर मर मरायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं?

"थँक्यू? मी काय खानावळ उघडलेय?"

सगळे आणखीच हसले. मी गंमत करतेय असं वाटलं त्यांना! मी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही.