बेटावरची बासी
भात पाण्यात भिजत ठेवला की सकाळी त्याला जो आंबूस वास येतो, त्याने मला अंदमानचं एक छोटं बेट आठवतं. बाबांना भिलाईच्या पोलाद प्लांटकडून एलटीसी, म्हणजे सुट्टीच्या प्रवासाचा खर्च, मिळाला होता आणि आम्ही तिथल्याच रिसाली वसाहतीतल्या क्वार्टरमधून थेट समुद्रापार गेलो होतो. आईने तिखट पुऱ्यांचा डबा सोबत घेतला होता, पण बाबा हटूनच बसले, "अवो, इथलं काई खाऊन तर पाहू!" शेवटी नारळाच्या झाडांमागे, मजुरी करणाऱ्या एका म्हातारीने आम्हाला आपल्या झोपडीत बसवलं. आम्ही भिलाईचे म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. तिचं माहेर आमच्या शेजारच्याच दुर्गजवळचं निघालं. लगबगीने तिने पुढे ठेवली ती चक्क आमच्या भिलाईकडची बासी, म्हणजे पाण्यातला भात, मीठ, कांदा आणि हिरवी मिरची. मी आईकडे पाहिलं. घरी आमची भांडीवाली मागच्या पायरीवर बासी खायला बसली की आईलाही आग्रह करायची, आणि आई दरवेळी "मले नाई जमत ते" म्हणून आत निघून जायची. इथे मात्र तिने मुकाट्याने वाटी संपवली आणि दुसरी मागून घेतली. परतल्यावर भांडीवालीच्या हातात एक शंख ठेवून आईने खालमानेने सगळं सांगितलं. बासी खायला एवढ्या लांब जावं लागलं म्हणून भांडीवाली खळखळून हसली, "अतका दूरिहा गेव बाई, बासी खाए बर?" बेट आता पुसट होत चाललंय, पण त्या उन्हाळ्यात मागच्या पायरीवर रोज शेजारी शेजारी असायच्या त्या दोन ताटल्या मला अजून स्वच्छ दिसतात.