प्रति वॅट किती पडतो?

फसवणारा दुकानदार मी शंभर पावलांवरून ओळखतो. न फसवणारा ओळखण्याचा सराव मात्र मला कधी मिळालेला नाही.

ग्राहक जागृतीचे मोर्चे मीच काढतो, पत्रकंही मीच लिहितो (आणि वाटतोही मीच, कारण बाकीचे कार्यकर्ते ऐनवेळी ‘ट्रॅफिकमध्ये’ असतात). त्यामुळे धाकट्या बहिणीला, मुक्ताला, गिटारसाठी स्वस्तातला अँप्लिफायर घ्यायचा होता तेव्हा सोबत कोणी जावं हा प्रश्नच नव्हता. एका संगीतशाळेच्या शिष्यवृत्तीसाठी तिला घरी वाजवून, रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. मुदत रविवार, संध्याकाळी पाच. शिष्यवृत्ती नाही तर शाळा नाही, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

शनिवारी दुकान गाठलं. दुकानदारांनी विचारलं, “स्टेजवर वाजवणार की घरी रेकॉर्डिंग?”

“घरीच,” मुक्ता म्हणाली.

“मग हा छोटा घ्या. वायर थेट लॅपटॉपला, हेडफोन कानाला. शेजाऱ्यांना पत्ता लागणार नाही. मोठा घेऊ नका, उगाच पैसे जातील.”

उगाच पैसे जातील? आणि हे दुकानदार म्हणतोय?! आमच्या पत्रकात (पान दोन, ठळक अक्षरांत) स्पष्ट लिहिलंय: आग्रहाने देतात तो पडून राहिलेला माल!

“दादा, मला हाच हवाय.”

“तू गप्प बस, असंच गंडवतात.” मी दुकानदारांकडे वळलो. “हा प्रति वॅट किती पडतो, ते लिहून द्या!”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “साहेब, गिटारला घेताय की आंघोळीचं पाणी तापवायला?”

या अपमानानंतर मी तिथून घेणं शक्यच नव्हतं! घरी येऊन मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती पालथ्या घातल्या आणि वाघोलीत घबाड सापडलं. तेवढ्याच पैशांत, तीनशे वॅट! मालकाचा ऑर्केस्ट्रा होता, आता बंद पडलेला.

रविवारी सकाळी मालकाने त्या धुडावरची ताडपत्री काढली. “लय लग्नं गाजवलीत यानं. हाय तसा न्या.”

“काका, याचा आवाज कमी होतो ना?” मुक्ताने विचारलं.

“कमी?” तो विचारात पडला. “ताई, तसं आजवर कुणी मागितलंच न्हाई.”

ते धूड विश्रांतवाडीला घरी आणताना रिक्षाच्या मागच्या सीटवर अँप्लिफायर बसला, मुक्ता उरलेल्या वीतभर जागेत, आणि मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. सोसायटीच्या लिफ्टने घंटी वाजवून निषेध नोंदवला. तीन मजले तो आम्ही जिन्याने चढवला.

मुक्ताने पहिली तार छेडली. शोकेसमधल्या कपबशा दोन बोटं पुढे सरकल्या! खाली एका मोटारीचा अलार्म बोंबलू लागला. आवाजाचं बटण शून्यावर असेल तर संपूर्ण शांतता, जरा हललं की थेट लग्नाची वरात. लॅपटॉपला जोडायची सोयच नाही. समोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं, तर पत्र्यावर खडी ओतल्यासारखं ऐकू आलं.

मग आम्ही त्याला कपाटात कोंबलं, वर आईच्या सगळ्या गाद्या आणि चादरी. (आई म्हणाली, “त्याला ताप आलाय का?”) तरी चार वाजेपर्यंत धड काही उतरेना. मुक्ता रडकुंडीला आली, पण मला एका शब्दाने बोलली नाही. हे फार वाईट. ती ओरडली असती तर मी निदान वाद घातला असता.

पावणेपाचला कुठे सूर स्वच्छ ऐकू यायला लागले. शेवटची संधी. ती वाजवायला लागली आणि दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या लेले काकू!

“घरात कार्य आहे का? नाही, पत्रिका आली नाही म्हणून विचारलं.”

झालं! माझ्या अंगात व्यासपीठ संचारलं. “काकू, एका होतकरू मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे! तिचा आवाज दाबण्याचा अधिकार कोणालाही नाही! आम्ही हे कदापि सहन करणार नाही!”

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल रे. पोरगी वाजवतेय ना आत?”

मुक्ता बाहेर आली. “दादा, तू पण आलायस रेकॉर्डिंगमध्ये. मधोमध.”

घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी होती. दुसरा पर्याय नव्हता. तिने तेच पाठवलं, गिटार फडक्याने पुसली आणि कव्हरमध्ये ठेवून दिली. त्या रात्री मी जेवलो नाही. (पोह्यांची एकच बशी घेतली.)

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मुक्ता पुढच्या फेरीत! खाली परीक्षकांचा शेरा होता: ‘वादन उत्तम. आपल्या घराजवळून मोर्चा जात होता असे दिसते. पुढील रेकॉर्डिंग मोर्चा पुढे गेल्यावर करावे.’

मुक्ता पोट धरून हसत होती. मी मात्र तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत होतो. चार वर्षांत मी काढलेल्या एकाही मोर्चाची कोणी लेखी दखल घेतली नव्हती. घेतली ती याच एका मोर्चाची, आणि त्यात मी एकटाच होतो!