येक डाव, सगळ्याला

उजव्या हाताचं बोट कीबोर्डवर हवेत धरायचं, डोळे बारीक करायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचं, "ओकटी, रेंडू, मूडू." मूडूला बोट खाली. एन्टर दाबायची सरांची ही पद्धत होती. सर देगलूरचे. तेलंगण तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एक-दोन-तीन ते आईच्या मांडीवर तेलुगूतच शिकलेले. बाकी सगळं आयुष्य मराठीत, पण महत्त्वाचं काही करायचं झालं की आकडे आपोआप तेलुगू व्हायचे. रस्ता ओलांडतानासुद्धा मी ते ऐकले आहेत.

लातूरच्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये सर कॉम्प्युटर आणि संख्याशास्त्र शिकवायचे. मी आहारशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, म्हणून त्यांच्या बढाया पहिल्यांदा माझ्याच कानावर पडायच्या. नम्रपणा हा गुण देवाने त्यांच्या वाट्याला दिलाच नव्हता. "मॅडम, ह्या लातुरात माझ्यासारखा दुसरा हाय का, सांगा बरं," असं ते शेंगदाण्याची साल फुंकत विचारायचे, आणि मी "नाही हो, एकच पुरे आहे," म्हणायचे. ते त्यांना कौतुकच वाटायचं.

एकच काम दोनदा करणं त्यांना पाप वाटे. त्यांचं ब्रीदवाक्यच होतं, "येक डाव सांगायचं, सगळ्याला सांगायचं." वर्गात हजेरी कधी नंबरवार घेतली नाही. दारातूनच विचारायचे, "आज कोण आलं न्हाई? हात वर करा." पोरी हसायच्या आणि कोण कुठे गेली ते आपणहून सांगून टाकायच्या. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण तर त्यांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून एका आरोळीत दिलं. मी म्हटलं, "अहो, घरी येऊन अक्षता द्यायच्या असतात." तर म्हणाले, "आवाज पोचला ना? मग पोचलंच की आमंत्रण."

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याला आळशी म्हणावं की हुशार, हे ठरेपर्यंत तो निवृत्त होतो. आमच्या सरांचा निकाल मात्र एका शुक्रवारी लागला.

आमचं स्कूल एका नव्या संस्थेने चालवायला घेतलं होतं. नव्या प्राचार्या आल्या, नवं बोधचिन्ह आलं, आणि फर्मान निघालं की सोमवारी संस्थेची माणसं वर्ग बघायला येणार, तोवर प्रत्येकाची सगळी प्रेझेंटेशनं एकाच रंगरूपाची पाहिजेत. वर निळी पट्टी, कोपऱ्यात बोधचिन्ह, अक्षर एकाच वळणाचं. वर्षानुवर्षांच्या स्लाइडी होत्या त्या. कुणाच्या पानावर गुलाब, कुणाची सोनेरी अक्षरं गिरक्या घेत यायची. माझ्या प्रत्येक स्लाइडच्या मागे एक फोडलेलं डाळिंब होतं, आणि ते मला फार आवडायचं. हे सगळं एकेक करून बदलायचं म्हणजे दिवाळीपर्यंत बसा.

सर उठले. जेवणाचा रिकामा स्टीलचा डबा त्यांनी पुसला आणि टेबलोटेबली फिरवला. "पेनड्राइव टाका. समदे." आम्ही भाविकांसारखे टाकत गेलो. मग कॉम्प्युटरवर त्यांनी पानभर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, "हे काय?"

"हे म्हंजे दवंडी," ते म्हणाले. "आमच्याकडं कोतवाल द्यायचा. हलगी वाजवली, चौकात उभा ऱ्हायला, येक डाव वरडला, झालं. घरोघर कशाला जायाचं? मी हितं लिवलं, की बाबांनो, पट्टी निळी करा, फॉन्ट हा लावा, चित्रं काढून टाका. आता जेवढी प्रेझेंटेशनं हायत, त्या समद्यांनी ऐकायचं."

"आणि नाही ऐकलं तर?"

"माझं? न ऐकून सांगतंय कोणाला?"

सगळा स्टाफ त्यांच्या खुर्चीमागे गोळा झाला होता. शिपाईमामा चहाची किटली घेऊन आले ते तसेच उभे राहिले. ओकटी, रेंडू, मूडू. पडद्यावर नावांची रांग सरसर वर जाऊ लागली. मामांनी माझ्या कपात चहा ओतला, तेवढ्यात सगळं संपलं होतं. मी माझी फाइल उघडली. जीवनसत्त्वं, प्रथिनं, गरोदर बाईचा आहार, सगळी पानं निळ्या पट्टीखाली शहाण्यासारखी बसलेली. डाळिंब गेलं होतं, त्याचं वाईट वाटायलाही मला सुचलं नाही. मी हातातला चहा प्यायचा विसरून नुसती बघत राहिले. माणसाने एक वाक्य लिहावं आणि शंभर ठिकाणी ते एकदम खरं व्हावं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "हे तर कायच न्हाई."

मग मोठ्या सिस्टरांनी आपली फाइल उघडली.

मोठ्या सिस्टर आमच्याकडे प्रसूतिशास्त्र शिकवायच्या. त्या निलंग्याच्या. एके काळी लेबर रूममधून त्यांनी हाक मारली की गेटवरचा रिक्षावाला मागे वळायचा. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी. पण त्यांनी शिकवणं सोडलं नाही. वर्गात जे जे बोलायच्या ते सगळं, शब्दन्‌शब्द, त्यांनी स्लाइडींवर लिहून काढलं होतं. त्या बटण दाबायच्या, पोरी वाचायच्या. नव्या प्राचार्या त्यांना सरळच म्हणाल्या होत्या, "सिस्टर, आवाजाशिवाय वर्ग कसा चालेल? तुम्हाला स्टोअरला घेते." सिस्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, "सोमवारी माझा वर्ग बघा. मग ठरवा."

आणि आता पडद्यावर निळ्या पट्टीखाली नुसती इंग्रजी अक्षरं, खुणा, कंस यांचा कालवा झाला होता. एक शब्द वाचता येईना.

झालं होतं असं. सिस्टर मराठी टायपिंग जुन्या काळी निलंग्याला शिकलेल्या. त्यांच्या मराठीचा फॉन्ट जुना, त्यात आतली अक्षरं इंग्रजी असतात आणि अंगावर मराठीचं कातडं. सरांच्या दवंडीने सगळ्यांची कातडी एकदम उतरवली होती. "त्यात काय," सर म्हणाले आणि जुना फॉन्ट परत लावला. मराठी आली, पण आता औषधांची इंग्रजी नावं आणि डोस यांचं मराठीत भजं झालं. कुठलं मूळचं मराठी आणि कुठलं इंग्रजी, हे कॉम्प्युटरला कळायला काही खूणच उरली नव्हती.

"मूळची कॉपी असेल ना?" मी विचारलं.

सरांच्या लेखी कॉपी करून ठेवणं म्हणजे एक काम दोनदा करणं. डब्यातल्या पेनड्राइववरच त्यांनी दवंडी पिटली होती, आणि सिस्टरांकडे दुसरी प्रत नव्हती.

सिस्टरांचे ओठ हलले. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "माझं बोलणं गेलं हो."

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एवढा बोलका माणूस, पण खुर्चीतून उठला, सिस्टरांसमोर उभा राहिला आणि मान खाली घालून एवढंच म्हणाला, "ताई, उद्या सकाळी येता का?" तोपर्यंत त्यांनी कुणाला ताई म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मीही गेले. घरी बसवेना. कॉम्प्युटर रूममध्ये दोघं शेजारी बसलेले. सर एकेक स्लाइड उघडायचे, सिस्टर भजं झालेल्या शब्दावर बोट ठेवायच्या आणि त्याचं खरं नाव त्यांच्या कानात सांगायच्या. सर तेवढाच शब्द निवडून इंग्रजी करायचे. मग पुढचा शब्द. मग पुढची स्लाइड. एकदा केलेलं काम पुन्हा, पुन्हा, आणि पुन्हा.

मला राहवेना. मी म्हटलं, "सर, ह्याचीच एक दवंडी का नाही लिहीत?"

त्यांनी मान वर केली नाही. "दवंडीनं होईना मॅडम हे. घरोघरच जावं लागायलंय."

रविवारी दुपारी मराठी आणि इंग्रजी वेगळं झालं. तेव्हा कुठे त्यांनी जुनी मराठी नव्या अक्षरात आणायची दवंडी लिहिली. त्याआधी फाइलची कॉपी केली, मला दाखवली, सिस्टरांना दाखवली, आणि मगच बोट हवेत गेलं. तरी त्यांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. म्हणाले, "ताई, मी वाचतो. चुकलं की बोट वर करा." आणि त्यांनी पहिल्या स्लाइडपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

सरांचा आवाज म्हणजे व्हरांड्यातून लग्नाचं आमंत्रण देणारा. तो त्या खोलीत घुमू लागला.

"पोरींनो, हात धुवा. धुतले असतील तरी धुवा."

"बाईच्या कपाळावरचा घाम आधी पुसा, कागद मग भरा."

"बाळ रडलं नाही तर तुम्ही रडत बसू नका, कामाला लागा."

"बाई ओरडली तर ओरडू द्या. तिला गप्प करायला तुम्ही इथं आलेल्या नाही."

इथे सर थांबले. सिस्टरांनी बोट वर केलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ सरांच्या शब्दांबरोबर हलत होते. आपलंच बोलणं इतक्या वर्षांनी मोठ्या आवाजात त्या ऐकत होत्या. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. शुक्रवारी शंभर फाइली एका दमात बदलल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता हात जोडावेत असं वाटत होतं, पण कुणाला जोडावेत ते कळेना.

दारात हॉस्टेलच्या पोरी जमल्या होत्या. आवाज ऐकून ओल्या केसांनीच आल्या होत्या. सरांनी त्यांना आत बोलावलं. "काय बघायलात? मुक्यानं वाचता ना रोज ताईंच्या स्लाइडी? उद्यापासून मोठ्यानं वाचायच्या. ताईंचा आवाज कुठं गेला न्हाई, तो तुमच्या गळ्यात हाय."

सोमवारी मागच्या बाकांवर संस्थेची माणसं बसली, मधे प्राचार्या. निळी पट्टी, बोधचिन्ह, सगळं जागच्या जागी. सिस्टरांनी बटण दाबलं आणि उमरीची एक किडकिडीत पोर उठून वाचू लागली. "पोरींनो, हात धुवा." पुढची स्लाइड दुसरीने वाचली, मग तिसरीने. सिस्टर हाताने दाखवत होत्या, मान हलवत होत्या, चुकलं की टेबलावर टिचकी मारत होत्या. "बाई ओरडली तर ओरडू द्या" हे तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, आणि खालच्या दवाखान्याच्या ओपीडीतून कुणीतरी वर बघायला आलं. पाहुणे वहीत काहीतरी टिपून गेले. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात प्रसूतिशास्त्रापुढे सिस्टरांचंच नाव होतं.

सर बाहेर व्हरांड्यात शेंगा फोडत उभे होते. मी म्हटलं, "जमलं हो." तर म्हणाले, "जमणारच. लातुरात दुसरा हाय का कोण?" पण नेहमीसारखा आवाज चढला नाही. तेव्हापासून सिस्टरांच्या वर्गाची एक रीतच पडली. पहिली स्लाइड उघडायच्या आधी त्या तीन बोटं वर करायच्या आणि पोरी ओरडायच्या, "ओकटी, रेंडू, मूडू!" त्यातल्या एकीलाही तेलुगूचा गंध नव्हता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सर देगलूरला गेले ते गेलेच. एका सकाळी झोपेतून उठलेच नाहीत. स्टाफच्या ग्रुपवर त्यांच्या मुलीचा निरोप आला, तो आम्हा सगळ्यांना एकाच वेळी. येक डाव, सगळ्याला. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरातच खाली बसले. कुणीतरी घरी येऊन सांगायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी स्टाफरूममधल्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसवेना, म्हणून मी उठून मोठ्या सिस्टरांच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. पोरींना कळलेलं होतं. सिस्टरांनी तीन बोटं वर केली, पण कुणाच्याच तोंडून आकडा फुटेना. मग त्यांनी हात खाली घेतला, एक बोट बटणावर हवेत धरलं, डोळे बारीक केले.

"ओकटी," त्या स्वतःच म्हणाल्या. नुसती हवा होती ती, पण वर्ग इतका शांत होता की दारात मलाही ऐकू आली. "रेंडू." पुढे त्यांनी मोठा श्वास घेतला. "मूडू" म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि उमरीची पोर डोळे पुसत वाचायला उभी राहिली.