चौथी पुडी

आमच्या पेठेतल्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता. पेन कानावर अडकवायचा, म्हणून कान कायम निळा. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा मला ताप भरला, आठ दिवस हातमाग बंद, तरी औषध घ्यायचं नाही हा माझा हट्ट. त्यानं चार पुड्या बांधल्या आणि म्हणाला, "मामा, कागदावर आतनं गाणं लिवलंय. एक पुडी खाल्ल्याबिगर दुसरी उघडायची न्हाय."

मी शाळेत दुसरी यत्ता पास. पहिल्या पुडीवरची अक्षरं जुळवत वाचलं, 'ताप आला सासरवाडीला.' पुढं काय? गिळली पुडी. 'खातो, झोपतो, जातच न्हाय.' हसत हसत तिसरी उघडली. 'कडू चहा पाजला त्याला.' चौथीत नुसतं औषध, कागद कोरा!

ते गिळून दुसऱ्या दिवशी तरातरा दवाखाना गाठला. "ओळ कुटं हाय?"

"तुमीच सांगा की!"

"चपला सोडून पळाला की काय!" मी ओरडलो. त्यानं टेबल बडवलं. बाकावरचे पेशंट खोकत खोकत हसले.

पुढच्या महिन्यात शेजारीण तापली. तिच्या चौथ्या पुडीत माझी ओळ निघाली, आणि बाई खडखडीत बरी झाली. लोक म्हणतात, औषधानं. म्हणू देत.