चाकणचा गुरुवारचा कप

बुधवारी दुपारी नगरकडच्या आमच्या अकोल्याच्या स्टँडवर जायला निघताना बायकोला एवढंच सांगितलं होतं, की चाकणला कबड्डीचे सामने आहेत, पंच म्हणून बोलावलंय. ते खरं होतं. पण ते अर्धंच होतं, आणि गेली बावीस वर्षं मी असंच अर्धं सांगत आलोय. उरलेलं आता लिहितो.

बावीस वर्षांपूर्वी याच स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, रेषेवर बसून मी एक निर्णय खोटा दिला. ज्याच्या विरुद्ध दिला तो बाबू सानप माझा खोलीतला जोडीदार होता. त्या निर्णयानं त्याची नोकरी गेली आणि माझी कायम झाली. पुढं सहा वर्षांनी वडील गेले तेव्हा मी ती नोकरी सोडून गावी आलो, पाइप-मोटारीचं दुकान टाकलं. तालुक्यात लोक मला कडक पंच म्हणतात. मी ऐकून घेतो.

महिन्यापूर्वी चाकणहून पत्र आलं. खाली सही नव्हती, फक्त 'संयोजन समिती'. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, तुम्हालाच बोलवा असं सांगितलंय." कुणी सांगितलं, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. एवढ्या लांबून एका तालुक्याच्या पंचाला कोण कशाला बोलावतं? मनानं एकच उत्तर दिलं: कुणाला तरी कळलंय.

संगमनेर सुटलं, चंदनापुरीचा घाट चढून गाडी आळेफाट्याला थांबली. चहा घेतला. शेजारी मंचरचे एक आजोबा होते, मांडीवर कढीपत्त्याची जुडी. कुठं निघालात, विचारलं त्यांनी. पंच आहे म्हणालो.

"मंग शिव्या खायची सवय आसंल."

"आहे."

"बरं हाय. आमच्या पोराला तीच न्हाई, म्हून संसारात दमलाय."

एरवी हसलो असतो. त्या दिवशी हा माणूस मुद्दाम शेजारी बसलाय की काय, असंही मनात येऊन गेलं. मंचरला तो उतरला आणि मागं वळूनही न पाहता निघून गेला.

राजगुरुनगरच्या पुढं आभाळाचा रंग बदलतो. धूळ, धूर आणि संध्याकाळचं ऊन यांचा मिळून एक मळका केशरी. शेतांच्या मधोमध पत्र्याच्या निळ्या शेड्स उभ्या राहतात. नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर आंबेठाण चौकात एकमेकांच्या शेपट्या धरून उभे होते. शेवटचा एक किलोमीटर गाडीला चाळीस मिनिटं लागली. मी होतो तेव्हा इथं सायकलनं जाता यायचं आणि कांद्याचा वास आधी यायचा. आता आधी येतो तो डिझेलचा.

आपल्याकडच्या वाचकांना एक सांगायला हवं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात आठवड्याची सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घ्यायला कधीतरी तसं ठरलं आणि माणसांच्या अंगात ते मुरलं. इथली लग्नाची बोलणी गुरुवारी, दाढी-कटिंग गुरुवारी, मटणही गुरुवारी. उरलेला महाराष्ट्र कामावर असतो तेव्हा इथं सामने रंगतात. आठ कंपन्यांचे आठ संघ, हरला तो घरी. एका गुरुवारी चार सामने, पुढच्या गुरुवारी उपांत्य आणि अंतिम. मला दुसऱ्या गुरुवारसाठी बोलावलं होतं.

चौकात सचिन नावाचा पोरगेला माणूस मोटारसायकल घेऊन उभा होता. महाळुंग्याचा, मूळ गावकरी. माझ्या हातातली बॅग त्यानं जवळजवळ ओढूनच घेतली.

"राहू दे, हलकीच आहे."

"न्हाई सर. आमाला सांगितलंय, सरांना कशालाच हात लावून द्यायचा न्हाई."

"कुणी सांगितलंय?"

"व्हय, कळंल की उद्या," म्हणाला, आणि किक मारली.

खोली चांगली होती. पांघरूण धुतलेलं, पाण्याचा जार भरलेला, खिडकीत मच्छरवाली अगरबत्ती. मला ते चांगुलपण आवडलं नाही. मी दाराची कडी दोनदा तपासली.

जेवायला सचिननं मागच्या गल्लीतल्या खानावळीत नेलं. बुधवारची संध्याकाळ म्हणजे इथली शनिवारची. शिफ्ट सुटलेली पोरं आंघोळी करून, केस ओले ठेवून बाकांवर दाटीनं बसली होती. ताटात बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्या-डाळींचं मसाल्याचं पीठ) घालून केलेली आमटी. पहिल्या घासालाच हात थांबला. भोसरीच्या आमच्या खोलीत बाबू आष्टीहून येताना डबाभर येसर आणायचा, आणि स्टोव्हवर ही आमटी करायचा. बीड भागातली माणसं हजारांनी आहेत इथं, कुणीही करील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"मालक कुठंयत?" मी सचिनला विचारलं.

"मैदानावर. फक्की मारतायत. रेषा दुसऱ्या कुणाला आखूच देत न्हाईत, लई येड हाय त्यांना रेषेचं."

दुसरी भाकरी मी नको म्हणालो.

इथं ती जुनी गोष्ट सांगून टाकतो. तेव्हा आम्ही दोघंही टेंपररी, वेगवेगळ्या कंपन्यांत. टेंपररीला सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे घरी बसवायचे, मग दुसरं गेट शोधायचं. बाबूच्या कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, संघ अंतिम फेरीत गेला तर त्याला कायम करू. उपांत्य सामना नेमका माझ्या कंपनीशी पडला. मी पंच-परीक्षा पास झालेलो, म्हणून रेषेवर माझं नाव. कुणीतरी हरकत घेतली, की हा तर समोरच्या कंपनीचा. तेव्हा बाबूच पुढं झाला. "माझ्या खोलीत राहतो तो. चालंल आम्हाला. खोटं द्यायचा न्हाई."

आदल्या दिवशी माझा सुपरवायझर मशीनपाशी येऊन म्हणाला होता, "कायमच्या यादीत तुझं नाव बघितलं बरं का मी." बस, एवढंच. काही कर म्हणाला नाही. शेवटची चढाई बाबूची होती. दोघांना शिवून तो मागं वळला, डावा पाय बाजूच्या रेषेलगत आत पडला. बोटभर आत. मी बघितलं, आणि हात वर करून बाहेर दिला. एका गुणानं ते हरले. महिन्याभरात त्याला ब्रेक मिळाला आणि मला पत्र.

तो माझ्याशी भांडला नाही. खोली सोडताना स्टोव्ह मला ठेवून गेला.

गुरुवारी सकाळी मैदानावर पोचलो. गावठाणाशेजारची माती, पाणी मारून चोपलेली. एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला उसाचा तुकडा. भंगारवाल्याकडून आणलेल्या काट्यावर खेळाडूंची वजनं चालली होती. मला गेटपास तपासायला बसवलं. बाहेरचे पट्टीचे खेळाडू आणायचे, त्यांना आठवड्याचे कंत्राटी पास काढून द्यायचे, हा इथला जुना रोग. एकाचा पास अजून चकाकत होता. दंड असे भरलेले, की हा बाहेरचाच, अशी मला खात्रीच पटली.

"कुठल्या डिपार्टमेंटला?"

"मेंटेनन्स."

मी हुशारी केली. "गुरुवारी कॅन्टीनला नाश्त्याला काय असतं?" खोटा असेल तर पोहे नाहीतर उपमा म्हणेल, आणि सापडेल. गुरुवारी कंपनीच बंद.

तो म्हणाला, "सर, गुरुवारी कॅन्टीन बंद असतं. पण मेंटेनन्सला आमाला यावंच लागतं, मशीन बंद असत्यात तवाच आमचं काम. कॉन्ट्रॅक्टर वडापाव देतो. थंड असतो." मागून कुणीतरी म्हणालं, "सांग की, मिरची पण मोजून देतो." मग पुन्हा तोच, "पास धुण्यात गेला होता सर, म्हून नवा काढलाय. मशीनचे नंबर सांगू का?"

रांग हसली. मी सही केली. मान वर केली तर समोर बाबू उभा.

पोट सुटलेलं, मिशी पांढरी, दोन्ही हात कोपरापर्यंत फक्कीनं माखलेले. "आश्या," म्हणाला, आणि तसंच मिठीत घेतलं. माझा शर्ट पांढरा झाला. मी वाट बघत होतो, आता कानात काय सांगतो. तो म्हणाला, "आमटी खाल्लीस ना रात्री? पोरांनी जास्त तिखट केली व्हती का?"

पहिला उपांत्य सामना झाला, मी मुख्य पंच होतो. काही चुकलं नाही. दुसऱ्याच्या आधी बाबूनं माइक घेतला.

"पोरांनो, हे अकोल्याचे अशोकराव. माझे रूमपार्टनर. ह्यांनी मला शेवटच्या चढाईला बाद दिलं व्हतं, ह्याच कपात. मित्र असून दिलं. तुम्ही एका गुणासाठी पंचाच्या अंगावर जाता ना, म्हणून बोलावलंय ह्यांना. रेषा म्हंजी रेषा. फायनलला रेषेवर हेच बसतील, आणि त्याच्या आधी त्यांचा सत्कार."

टाळ्या पडल्या. सापळा असता तर मला बरं वाटलं असतं. त्याची तयारी करून आलो होतो मी. ह्याची नव्हती.

दुपारच्या सुट्टीत त्यानं खानावळीत नेलं. खास माझ्यासाठी मटण केलं होतं. पोरं बाहेर अंगणात जेवत होती, आत आम्ही दोघंच. त्यानं वाढायला डाव उचलला तेव्हा मी म्हणालो, "बाबू, सत्कार नको. तुझा पाय आत होता."

"कुठला पाय?"

"डावा. त्या दिवशी. मी बघितला होता. आत होता."

त्यानं डाव परत पातेल्यात ठेवला. बाहेर कुणीतरी भाकरी मागत होतं, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं.

"सुपरवायझरनं सांगितलं व्हतं का?"

"सांगितलं नव्हतं. यादीत नाव आहे एवढंच म्हणाला."

"म्हंजी तूच."

"मीच."

"मला ठावं व्हतं रे, पाय आत हाय," तो म्हणाला. "मातीचं कळतं पायाला. पण तू बाहेर म्हणालास. म्हटलं, आश्या खोटं द्यायचा न्हाई, म्हंजी आपलाच पाय खोटं सांगतोय. पुढं दोन कंपन्यांनी बोलावलं खेळायला. चढाईला गेलो की डोळं सारखं खाली. रेषा बघू का माणसं बघू? दोन्ही कंपन्यांनी काढलं." त्यानं माझ्याकडं बघितलं. "नोकरीचं जाऊ दे. खानावळ बरी चाललीय. माझ्या पायावरचा भरवसा घालवलास तू."

मी माफी मागितली. तो शब्द त्याच्यापर्यंत पोचला की नाही, सांगता येत नाही. त्यानं ताट वाढलं, माझ्यापुढं सरकवलं आणि स्वतः न जेवता उठून गेला. मी जेवलो. ते टाकून उठायची माझी छाती झाली नाही.

अंतिम सामन्याआधी शाल, नारळ टेबलावर मांडलेले. बाबू माइकपाशी गेला. मला वाटलं, आता हा सगळं सांगणार.

"मघाशी मी एक गोष्ट सांगितली," तो म्हणाला. "ती चुकीची व्हती. पाय आत व्हता. सत्कार व्हणार न्हाई. रेषेवर सचिन बसंल." आणि माइक खाली ठेवायला लागला. माझं नाव त्यानं घेतलं नव्हतं. एक पोरगा ओरडला, "मग पंच आंधळा व्हता का भाऊ?" हशा झाला.

मी उठलो. माइक मागितला नाही, आवाज आपला आपणच निघाला. "आंधळा नव्हता. मला दिसलं होतं. मी खोटा निर्णय दिला, माझ्या नोकरीसाठी."

हशा थांबला. सकाळचा तो मेंटेनन्सवाला पहिल्या ओळीत उभा होता, मांडीला पट्टी बांधत. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी सकाळी त्याच्या पासकडं बघितलं होतं. मग कुणीतरी शिट्टी मारली, पोरं मैदानात उतरली, आणि सामना सुरू झाला. कुणाला थांबायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती.

मी अंतिम सामना दोरीच्या बाहेर उभा राहून बघितला. बाबू सचिनच्या मागं उकिडवा बसला होता. मध्यंतराआधी एका चढाईत खेळाडूचा पाय रेषेपाशी पडला. सचिननं आत दिला. मला तो बाहेर वाटला होता. मी बाबूकडं बघितलं. त्यानं खाली वाकून मातीवरचा ठसा बघितला, बराच वेळ, बोटानं चाचपून. मग नुसती मान हलवली: आत.

चौकापर्यंत सचिननंच सोडलं. बॅग या वेळी मी धरली, त्यानं मागितली नाही. नाशिककडं जाणारी गाडी मिळाली, खिडकी मिळाली. मोटारसायकलवरून उतरताना मी सचिनला म्हणालो होतो, मी निघालो म्हणून बाबूला सांग. तो म्हणाला, "सांगतो. पण फोन करू नका सर, ते करतील तवा करतील."

घरी पोचलो, बायकोनं विचारलं, कसे झाले सामने. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं, सगळं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणून तुम्ही इतकी वर्षं दुकानातलं गिऱ्हाईक गेलं की मागून पाइप मोजता होय."

माझ्या संशयी स्वभावाला लोक वय म्हणत होते, धंदा म्हणत होते. खरं तर एक खोटा हात वर केल्यावर मला समोरच्या प्रत्येकाचा हात खोटा दिसायला लागला. पण मी निदान दुसऱ्यांवर संशय घेत जगलो. बाबू बावीस वर्षं स्वतःवर घेत होता. त्याचा फोन आलेला नाही. तालुक्याच्या संघटनेला मी कळवलंय, की पंचांच्या यादीतून माझं नाव काढा. कारण काय लिहू, असं तिथल्या कारकुनानं विचारलं. मी त्याला खरं कारण सांगितलं, आणि तो लिहीत असताना समोर उभा राहिलो.